लाल ढेकण्या दिसेनात तेव्हा

टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या हातात हे पडलं आणि सगळं वाचायचा त्याला कंटाळा आला, तर एवढं तरी वाचावं. गोळ्या मध्येच सोडू नका. आणि डोळ्यांत काही वेगळं वाटलं, रंग फिके वाटले, अक्षर पुसट वाटलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात सांगा. मी नऊ दिवस गप्प बसलो. त्या नऊ दिवसांपायीच हे लिहायला बसलोय. बसलोय म्हणणंही खरं नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, मागच्या दारापर्यंत जाऊन येतो, परत लिहितो. ती सवय आजारात लागली, अजून सुटलेली नाही.

मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. गाव धुळे जिल्ह्यात. विसाव्या वर्षी इकडे आलो तो इथलाच झालो. माझं काम सांगायला सोपं आहे. व्यापारी बोटभर कापडाचा नमुना पाठवतो आणि ताग्यांमागून तागे त्याच रंगाचे निघावे लागतात. निघाले की नाही, ते मी बघून सांगतो. लॅबमध्ये मशीन आहे, पण मशीनने पास केलेला तुकडाही शेठ माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "मास्तर, बोलो." चोवीस वर्षं मी या डोळ्यांवर खाल्लंय.

थुंकीतला रंग

मिलमध्ये रंगाची पूड हवेत असते. नाक शिंकरलं की कधी निळं, कधी जांभळं येतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. म्हणून कँटीनच्या बेसिनमध्ये खोकताना लाल दिसलं, तेव्हा मी पाणी सोडलं आणि चहा घ्यायला गेलो. त्या आठवड्यात मरून रंगाची मोठी ऑर्डर चालू होती.

तिसऱ्या दिवशी परत लाल आलं. तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. आपण मरून चालवतोय, आणि हा मरून नाही. मी बेसिनवर वाकून चक्क शेड बघत होतो. मग नळ सोडून सगळं वाहून जाऊ दिलं. मशीनच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. तोंड पुसून मी संध्याकाळपर्यंत काम केलं. वजन सहा किलो उतरलं होतं, रोज दुपारनंतर कणकण असायची, सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि कबूल करणं यांत माझे दोन महिने गेले होते.

शेवटी दवाखान्यात गेलो, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, गुजराती होत्या, पण मराठी माणसं बघून बघून मराठी शिकल्या होत्या. म्हणाल्या, "काका, टीबी आहे. बरा होतो. पूर्ण बरा होतो. पण गोळ्यांना सुट्टी नाही." मी फक्त "पूर्ण" हा शब्द धरून ठेवला. बायको, सुनंदा, शेजारी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला नाही, लांब सरकली नाही. तिने विचारलं, "यांना खायला काय देऊ?" तिचं हे पहिलं वाक्य मी विसरणार नाही. दुसरं वाक्य मात्र तिने बाहेर आल्यावर, आमच्या अहिराणीत म्हटलं: "कोनले सांगानं नही. टायफॉइड शे म्हना. आपली आंडेर लग्नानी शे."

आंडेर म्हणजे मुलगी. कोमल तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि लग्नाचं नावही काढू देत नव्हती. पण सुनंदाच्या डोक्यात आम्ही राहतो त्या नवागामच्या बायका, गावाकडचे सोयरे, सगळे रांगेने उभे होते.

खाट नंबर नाही

रक्त पडत होतं म्हणून पाच दिवस सरकारी इस्पितळात ठेवलं. माझ्या खाटेवरचा नंबर पुसला गेला होता. सिस्टर मला "खिडकीवाले" म्हणायच्या. सकाळी तपमान, मग गोळ्या, मग डाळ-भात, मग काहीच नाही. त्या "काहीच नाही"ने माझा जीव खाल्ला. गोळ्यांच्या पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली. आधी सांगितलं होतं तरी घाबरलो. मग हसू आलं. इतका एकसारखा नारिंगी आमच्या मशीनमधूनही निघत नाही.

शेजारच्या खाटेवर बमरोलीचा एक लूम चालवणारा होता, परभणीकडचा. तो दुसऱ्यांदा आला होता. पहिल्या वेळी बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या होत्या. मला म्हणाला, "भाऊ, बरं वाटणं हे लई फसवं असतं बघा." त्याने उपदेश केला नाही, एवढंच सांगून कुशीवर वळला. मला डॉक्टरांपेक्षा त्याची भीती जास्त बसली.

चिमट्याची लेन्स

घरी आल्यावर पुढची खोली माझी. वेगळं ताट, वेगळा पेला. ते मीच मागून घेतलं होतं, तरी सुनंदा ते ताट वेगळ्या जागी ठेवायची तेव्हा तो आवाज मनाला लागायचा. खिडक्या उघड्या. दारावरून जाणारे लोक "टायफॉइड कसा आहे?" विचारायचे आणि मी खोकला गिळून "उतरतोय" म्हणायचो.

मला बसता येत नव्हतं. आयुष्यभर मशीनच्या दोन रांगांमध्ये चालणारा माणूस मी. खोलीत आठ पावलं एका बाजूला, आठ पावलं दुसऱ्या बाजूला. चाललो की दम लागायचा, बसलो की हात-पाय वळवळायचे. शेवटी सुनंदा म्हणाली, "मांगे जाई बठा. तठे कोनी दखत नही."

मागे म्हणजे घरामागची दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा. तिथे सुनंदाने रंगाचे जुने ड्रम अर्धे कापून झाडं लावली होती. लिंबू, कढीपत्ता, भेंडी, जास्वंद. एवढी वर्षं मी तिथे फक्त टॉवेल वाळत घालायला जायचो.

कोमल शिकता शिकता एका ऑनलाइन साडीवाल्यासाठी साड्यांचे फोटो काढायची. जरीचा एकेक धागा दिसावा म्हणून तिने मोबाइलला लावायची एक लेन्स घेतली होती, कपड्याच्या चिमट्यासारखी अडकवायची. एक दिवस ती घरी विसरून गेली. मी सहज माझ्या मोबाइलला लावली आणि जास्वंदीच्या कळीवर धरली.

कळीवर हिरव्या ठिपक्यांसारखा मावा होता. पडद्यावर ते ठिपके गुरं झाले. काचेसारखी अंगं, काडीसारखे पाय. त्यांच्यामधून एक मुंगी फिरत होती, एकेकाच्या पाठीवर मिशा लावत होती, आणि ज्याला लावेल तो मागून थेंब काढायचा. मुंगी तो पिऊन पुढच्याकडे. मी खान्देशात कपाशीच्या वावरात वाढलेला माणूस. माव्यावर फवारणी करणं तेवढं ठाऊक होतं. त्याचं कुणी दूध काढतं हे सेहेचाळिसाव्या वर्षी बघितलं.

कोमल आल्यावर म्हणाली, "पप्पा, माझी लेन्स?" मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने मास्क वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. मी दुसरी मागवते ने."

श्वास

अशा लेन्सची एक अडचण असते. किड्यापासून दोन बोटांवर न्यावी लागते, आणि नीट दिसतं ते फक्त केसाएवढ्या जाडीत. डोळा नीट दिसला तर पंख पुसट. आपला हात नाडीच्या ठोक्यानेही हलतो. म्हणून फोटो काढताना श्वास रोखायचा. माझ्याकडे नेमका तोच नव्हता. मनात तीनपर्यंत मोजलं की खोकला यायचा आणि किडा उडून जायचा. चिडून मी मोबाइल खाली ठेवायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो.

मग युक्त्या सापडत गेल्या. कोपर ड्रमच्या कडेवर टेकवायचं. सकाळी लवकर जायचं, कारण ऊन तापेपर्यंत किडे सुस्त असतात. वारा आला तर थांबायचं. पांढरा कागद बाजूला धरायचा म्हणजे सावली मऊ होते. लिंबाच्या पानावर पाखराची विष्ठा म्हणून जी मी सोडून दिली होती, ती फुलपाखराची अळी निघाली. एक टाचणी, म्हणजे चतुराची बारीक बहीण, रोज कढीपत्त्याच्या त्याच काडीवर बसायची.

दवाखान्यातल्या हंसाबेन आठवड्याला फोन करायच्या. "गोळी लीधी के?" घेतली म्हटलं की विचारायच्या, "आज कोनसा कीडा?" त्यांना मी फोटो पाठवायचो. तिसऱ्या महिन्यात थुंकीत जंतू सापडले नाहीत. मी मास्क काढून सुनंदाशेजारी बसून जेवलो. श्वास आता अकरापर्यंत थांबायचा. मिलमध्ये अर्धा दिवस जायला लागलो. वाटलं, संपलंच आता.

नऊ दिवस

भेंडीवर लाल ढेकण्या आल्या. कपाशीवर येतात त्याच. लाल अंग, पोटावर पांढरे आडवे पट्टे, काळे ठिपके. किड्यांमध्ये यांच्याइतका नीट छापलेला नमुना मी बघितलेला नाही. मी एकीचा फोटो घेतला आणि पडद्यावर पाहिलं. ती कथ्थई दिसत होती. धुऊन विटलेल्या कापडासारखी.

मला वाटलं लेन्सला तेल लागलं. पुसली. मग वाटलं ऊन कमी आहे. दुपारी काढला, तरी कथ्थई. संध्याकाळी कोमलला म्हटलं, "तुझी लेन्स बिघडली. रंग खातेय." तिने फोटो बघितला. "कुठे? लाल आहे ने. चोख्खं लाल."

मी बरं म्हटलं आणि आत गेलो. कपाटातलं माझं जुनं शेड कार्ड काढलं आणि दाराला कडी लावली. लाल रांगेतल्या शेवटच्या चार पट्ट्या मला एकसारख्या दिसल्या. त्यांची नावं, नंबर पाठ होते, म्हणून बोट ठेवता येत होतं. पण दिसत नव्हत्या.

त्याच वेळी दवाखान्यात जायला हवं होतं. मी गेलो नाही. का गेलो नाही, त्याची कारणं मी स्वतःला रोज नवी द्यायचो. गोळ्या बंद करतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल. मिलमध्ये कळलं तर कलर मास्तर म्हणून कोण ठेवेल? अशक्तपणा असेल, गाजरं खाऊन जाईल. मी खरंच गाजरं खाल्ली. मिलमध्ये मशीनचा आकडा चोरून बघायचो आणि मगच नमुना बघतोय असं करायचो. शेठ म्हणाले, "मास्तर, बोलो," आणि मी बोललो, "पास." पास होता की नाही, देव जाणे. त्या दिवशी मिलमधून घरापर्यंत मी चालत आलो. रिक्षात बसवेना.

वळवळ परत आली. पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता मागच्या जागेतही जीव रमेना. पडद्याच्या मधोमध एक धुराचा ठिपका राहायचा. जिथे बघावं तिथे तो आधी जाऊन बसायचा.

नवव्या दिवशी सकाळी जास्वंदीच्या एका पानावर मुंगी होती, तिचा फोटो काढला. मुंगी पळाली, नुसतं पान आलं. पुसणार तेवढ्यात कोमल चहा घेऊन आली आणि खांद्यावरून बघून म्हणाली, "वा पप्पा! जोडीच सापडली. दोन दोन लाल!"

मी विचारलं, "कुठे?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. तिने बोट ठेवलं, बरोबर मधोमध. मला पान दिसत होतं. नुसतं पान.

"पप्पा," ती म्हणाली, "हे काय आहे ते सांगा." तिने स्वतःची ओढणी पुढे केली.

मी म्हटलं, "राखाडी."

ओढणी गुलाबी होती. तिने चहा ड्रमवर ठेवला, "लेन्स बिघडली म्हणालात त्या दिवसापासून?" असं विचारलं आणि मी मान हलवल्यावर आत गेली. आतून मला भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग सुनंदा दारात उभी राहिली.

"नऊ दिन?" ती म्हणाली. "नऊ दिन तुम्ही गप ऱ्हायनात? मी कोन शे तुमनी?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली, इतकं चिडलेलं मी तिला बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "घाबरलो होतो." आजारपणात पहिल्यांदा मी ते तोंडाने बोललो. ती चपला पायात घालून बाहेर गेली.

रिक्षा

शेजारी एक गुजराती रिक्षावाला राहतो. सुनंदा त्याच्यासमोर उभी राहिली. गल्लीतल्या तीन-चार बायका ओट्यावर भाजी निवडत होत्या. तिने आवाज बारीक केला नाही. "भाई, इनको टायफॉइड नहीं, टीबी है. दवाई चालू है, अब किसी को लगता नहीं. आँख की तकलीफ है, अभी जाना पड़ेगा. आपको चलेगा तो बोलो."

चार महिने जपलेली गोष्ट तिने एका दमात गल्लीत ठेवली. मी दारात उभा होतो, मान वर करवेना.

रिक्षावाला म्हणाला, "अरे भाभी, मारी बाने पण थयेलो. बेसी जाव." त्याच्या आईलाही झाला होता. ती अजून आहे, त्याच गल्लीत राहते, मला रोज दिसते. ओट्यावरची एक बाई म्हणाली, "थांबा, पाणी तं घेऊन जा," आणि बाटली भरून आणून दिली. एवढंच झालं. ज्याला घाबरून आम्ही चार महिने खोकला गिळला, ते एवढंच होतं. दोन घरं अजून आमच्याकडे येत नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

दवाखान्यात मॅडमनी ठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक पुढे धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. पहिल्या पानावरचा दिसला. दुसऱ्यावर ठिपकेच. तिसऱ्यावर ठिपके. मी पानं उलटत गेलो आणि हंसाबेन माझ्यामागे उभ्या होत्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी रडलो. चोवीस वर्षं लोकांचे रंग पास-नापास केले आणि लहान पोराला दिसतो तो आकडा मला दिसत नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "यातली एक गोळी क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास देते. ती आज बंद. बाकीच्या चालू. स्वतःहून काही सोडायचं नाही." मग म्हणाल्या, "नऊ दिवस लवकर नाही, काका. पण फार उशीरही नाही. महिनाभर थांबलेले लोक मी बघितलेत."

"परत येईल?" सुनंदाने विचारलं.

"बहुतेक. किती, ते आत्ता सांगू शकत नाही."

थांबणं

त्या "बहुतेक"वर आम्ही पाच महिने काढले. दुसऱ्या दिवशी मी शेठना जाऊन सगळं सांगितलं. माझ्या "पास"चे तागे परत तपासायला लावले. एक लॉट खरंच वेगळा निघाला, बाजारात जायच्या आत सापडला. शेठनी त्या लॉटचा तुकडा माझ्यासमोर न धरता बाजूला ठेवला. मग म्हणाले, डोळे बरे होईपर्यंत फोल्डिंगमध्ये बसा. फोल्डिंग म्हणजे कापडाच्या घड्या. मी घड्या घातल्या. लॅबच्या काचेतून माझ्या जागेवर नवा माणूस दिसायचा. तो चांगला होता, तेच सोसवत नव्हतं.

फोटो काढणं मी थांबवलं नाही. रंग कळत नव्हता म्हणून आकार बघायला लागलो. मुंगीच्या गुडघ्यावरचे केस. माशीच्या डोळ्यातल्या जाळ्या. कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधताना ओली गोळी कशी दाबते ते. कोमल शेजारी बसून विचारायची, "हा कोणता वाटतो?" मी चुकायचो. ती "ना" म्हणायची आणि खरा रंग सांगायची. चिडायचो, उठून जायचो. कधी तिच्यावरच ओरडायचो. ती दुसऱ्या दिवशी परत बसायची.

धुराचा ठिपका आधी गेला. मग निळा स्वच्छ झाला. लाल सगळ्यात शेवटी, आणि एकदम नाही. पावसाळ्यात भिंतीचा ओलावा सुकतो तसा कडेकडेने. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, छातीचा फोटो स्वच्छ आला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या मॅडम म्हणतात की उजवा जवळजवळ पूर्ण, डावा थोडा मागे. मिलमध्ये आता मी लॅबमध्येच आहे, पण गडद रंग नव्या माणसाला दाखवल्याशिवाय पास करत नाही. तो मला मास्तर म्हणतो. आम्ही दोघं मिळून "पास" म्हणतो.

गेल्या आठवड्यात सकाळी सुनंदाने मागून हाक मारली. तिला किड्यांची किळसच आहे, म्हणून मला वाटलं पाल असेल. "मोबाइल ली या! झट या!"

लिंबाच्या फांदीवर एक किडा होता. करंगळीच्या नखाएवढा, पाठ ढालीसारखी, आणि ती ढाल चकाकत होती. असला मी आधी कधी बघितला नव्हता. वारा होता. सुनंदाने एका हाताने पदर सावरला आणि दुसऱ्या हाताने फांदी घट्ट धरली. मी कोपर टेकवलं, श्वास धरला.

"कोनता रंग शे?" तिने विचारलं.

हिरवा, म्हणणार होतो. तेवढ्यात किडा थोडा वळला आणि तो निळा झाला. मी डोळे मिटले, उघडले. परत हिरवा. मग मध्येच तांबूस काहीतरी. परत सुरू झालं, असं वाटलं. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं.

"माले नही समजत," मी खरं तेच सांगितलं.

सुनंदा फांदीवर अजून वाकली, नाक लागेल इतकी. "माले बी नही," ती म्हणाली. "आत्ते हिरवा व्हता, आते निळा व्हई ग्या. चालू शे निस्ता." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काढा आते लवकर. मना हात दुखी राह्यना."